पोथी कुणी उलगडायची?

फलटण

चि. मैथिलीस,


वसतिगृहातल्या दोघींचा वाद वाचला. वसईची कॅथलिक मैत्रीण म्हणते, बायबलचा अर्थ चर्चच सांगणार. नगरची प्रोटेस्टंट म्हणते, माझा ग्रंथ मी वाचीन, मध्ये कुणी नको. आणि तू विचारतेस, आपल्यात असं काही आहे का?

अगं, फलटणच्या पोरीनं हे विचारावं? चक्रपाणी प्रभूंचं हे गाव, महानुभावांची दक्षिणकाशी. आपल्याकडे या दोन्ही बाजू एकाच घरात नांदल्या.

पंथ स्थापणारे चक्रधरस्वामी मराठीत बोलले. पुढे त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांनी पंडित शिष्यांना संस्कृतात लिहू दिलं नाही. तसं लिहिलं असतं तर पंथातल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. ही तेराव्या शतकातली गोष्ट. प्रोटेस्टंटांच्या लूथरचा जर्मन नवा करार निघाला 1522 साली. पण गंमत बघ, त्याच पंथानं पुढे पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत घातल्या. भाषा म्हातारीची, कुलूप महंताचं! कुणी म्हणतं, परचक्राच्या धास्तीनं; कुणी म्हणतं, वचनं अनधिकाऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडेपर्यंत मराठीतलं ते जुनं गद्य बाहेरच्या मराठी माणसाला बंदच होतं. न वाचताच लोक आपल्याबद्दल काय काय बोलले, ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.

तरी महंतांची बाजू पोकळ नव्हती. केशिराजबासांनी स्वामींची वचनं निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. सूत्रं तुटक, कधी दोन-चार शब्दांची. स्वामी ते कुणाला म्हणाले, कुठे, कशावरून, हे सूत्रात नाही. त्यासाठी ‘प्रकरणवश’, म्हणजे त्या वचनामागचा प्रसंग सांगणारा ग्रंथ, लागतो. तो बाजूला ठेवलास तर एका शिष्याला त्या वेळेपुरतं सांगितलेलं तू सगळ्या जगाचा नियम करून बसशील. 1546 साली कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेनं बजावलं, की चर्चनं धरलेल्या अर्थाविरुद्ध कुणी आपल्या मतानं अर्थ लावू नये. त्यामागची भीतीही काहीशी हीच. ती खोटी नव्हती. 1529 मध्ये मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली, दोघेही प्रोटेस्टंट, प्रभुभोजनाच्या एका वाक्यावरून अडले ते अडलेच.

पण राखणदारांचं तरी कुठे एकमत होतं? आपल्यात तेरा आम्नाय, म्हणजे शाखा, झाल्या, त्या काय उगीच? आणि पंडिता रमाबाईंना कुठली धर्मपरिषद अधिकार द्यायला आली होती? केडगावात बसून बाईंनी हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून अख्खं बायबल मराठीत आणलं. हे नगरच्या मुलीला सांग. वसईच्या मुलीला सांग, की 1965 साली व्हॅटिकन परिषदेनंच शास्त्र सर्व भाविकांना खुलं असावं म्हटलं, आणि ‘सुबोध बायबल’ तिच्याच वसईच्या फादर दिब्रिटोंचं आहे.

माझं म्हणशील, तर अर्थ सांगताना जाणत्याला पहिला मान मी देईन. वाचूच न देण्याचा हक्क मात्र कुणालाच देणार नाही, आपल्या महंतांनाही.

मोबाइलवर सुविचारासारखी फिरणारी सूत्रं घेऊन मला प्रश्न पाठवू नकोस. स्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्र उघड, त्या सूत्राची लीळा, म्हणजे प्रसंग, शोध. नाही उमगलं तर चैत्रात घोड्याच्या यात्रेला ये. मठात विचारू. एकाच बाबांना नाही, दोघांना. आणि दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर तिथल्या तिथे कारण विचार, माझ्याकडे बघत बसू नकोस.

तुझे,
आबा