घरात कापूस, हातात मोबाईल

२३ मार्च २०२० रोजी मुंबईचा शेअर बाजार उघडला आणि तासाभरातच दहा टक्क्यांनी आपटला. नियमाप्रमाणे व्यवहार ४५ मिनिटे थांबवावे लागले. बाजार बंद झाला तेव्हा सेन्सेक्स ३,९३४ अंशांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक घसरून २६ हजारांच्या खाली आला होता. त्या महिन्यात न्यूयॉर्कलाही चारदा असेच थांबावे लागले. करोनाचे संकट किती लांबणार, याचा अंदाज कुणालाच येत नव्हता. परदेशी गुंतवणूकदारांनी मार्चमध्ये आपल्या शेअर बाजारातून सुमारे ६२ हजार कोटी रुपये काढून नेले.

आमच्या जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणात पूर्णा नदीचे पाणी चढले की दरवाजे उघडून विसर्ग हाताळता येतो. शेअर बाजारातली ही थांबण्याची सोय तशीच. भीतीच्या लोंढ्यात माणसाला विचार करायला उसंत मिळते.

त्याच आठवड्यात टाळेबंदी लागली. कापसाची सरकारी खरेदी ठप्प झाली आणि पुढे सुरू झाली तीही नोंदणी करून, रोज मोजक्याच गाड्या घेत. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ५,५५० रुपये. खासगी व्यापारी त्याहून कमी भावाने मागत होते. जिंतूर-सेलू-मानवत पट्ट्यात कापूस घराघरांत पडून होता आणि खरीप तोंडावर आला होता. पेरणीला पैसा हवा म्हणून तो पडेल भावाने विकणाऱ्याला अडाणी म्हणणारे शहाणे मला आवडत नाहीत. त्याला थांबायची सोयच कुणी ठेवली नव्हती.

शेअर बाजारात ज्याला थांबता आले, तो मात्र तरला. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चलाच रेपो दर ४.४ टक्क्यांवर आणला, जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी पैसा ओतला, आणि २१ जानेवारी २०२१ रोजी सेन्सेक्सने ५० हजारांना स्पर्श केला. यात अक्कलहुशारीपेक्षा गाठीला शिल्लक असण्याचा भाग मोठा होता.

आमच्या पोरांनी यातून भलताच धडा घेतला. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी असलेली डीमॅट खाती दोन वर्षांत नऊ कोटींच्या घरात गेली. बचत गुंतवणे वाईट नाही. चांगल्या कंपनीचा शेअर वर्षानुवर्षे सांभाळणारा माणूस जुगारी नव्हे. पण मोबाईलवर ‘टिप’ वाचून फ्युचर-ऑप्शनमध्ये उडी मारणे हा जुगारच. बाजार नियामक सेबीच्या २०२४ च्या अहवालानुसार तीन वर्षांत या व्यवहारातले ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. हा पैसा कुणाच्या तरी उसाच्या बिलाचा, कुणाच्या बहिणीच्या लग्नाचा असतो. मटक्याला नाक मुरडणारे आपण, स्क्रीनवरच्या मटक्याला ‘ट्रेडिंग’ म्हटले की कौतुक करतो!

पुढची साथ कधी येईल, सांगता येत नाही. तोवर गावाने आपली थांबण्याची सोय उभारावी. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहेच: सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज, सहा महिन्यांची मुदत. तिची माहिती किती घरांत आहे? येलदरीच्या आणि तालुक्यातल्या प्रत्येक गावच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवा. त्याच बैठकीत सेबीचा तो ९३ चा आकडाही पोरांना मोठ्याने ऐकवा. बाजार समितीकडे गोदाम मागा, आणि ते मिळेपर्यंत मागत राहा.