कमरेचा पट्टा

चाकणच्या एका कारखान्यात एक तरुण कामगार होता. असेंब्ली लाइनवर गिअरबॉक्स बसवायचं काम त्याच्याकडे होतं. हात चपळ होता, स्वभाव हसरा होता. फक्त वाट पाहणं त्याला जमत नसे. एका रात्रपाळीत वजन उचलणारा होइस्ट शेजारच्या कामात गुंतला होता. थोडं थांबायचं, तर यानं वाकून ते जड धूड हातानंच उचललं. कमरेत चमक भरली आणि तो तिथंच ओणवा राहिला.

डॉक्टरांनी तपासलं. मणक्यांमधली गादी थोडी सरकली होती. "ऑपरेशनची गरज नाही," ते म्हणाले. "पण दोन महिने वजन उचलायचं नाही, हिसका बसू द्यायचा नाही. सांगतो तो व्यायाम रोज कर." त्यांनी कमरेला पट्टा बांधायला सांगितला.

दोन महिने सरायच्या आधीच सहलीची तारीख आली. लाइनवरच्या पोरांनी वर्षभर भिशी लावून औलीला जायचे पैसे जमवले होते. औली उत्तराखंडात, जोशीमठच्या वर, समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरहून उंच. हिवाळ्यात तिथल्या उतारांवर स्कीइंग शिकवतात. पोरांनी बर्फ आजवर पाहिला तो रसवंतीगृहात. आता पैसे भरलेले, रजा मंजूर झालेली. त्यानं पट्टा स्वेटरच्या आत बांधला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

सोबत एक मामा होते. नात्यानं कुणाचेच नव्हेत, पण लाइनवर सगळे त्यांना मामाच म्हणत. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. "मला घसरायचं नाही, मला नंदादेवीचं शिखर बघायचंय," असं म्हणून ते आले होते.

हरिद्वारपर्यंत रेल्वे झाली. पुढं दिवसभर घाटाचा रस्ता. प्रत्येक खड्ड्याला त्याची कंबर बोलत होती. तो वेदनाशामक गोळी घेऊन गप्प बसला.

औलीत शिकवणारा गडी अनुभवी होता. त्यानं सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि विचारलं, "गुडघा, पाठ, कंबर, कुणाचं काही दुखणं आहे का?" तरुणानं बुटांकडे पाहिलं. बाकीचेही गप्प राहिले.

पहिला धडा पडण्याचा होता. तोल गेला तर कुशीवर पडायचं, मागं पडायचं नाही. मग वेग आवरायचं शिकवलं. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची फाकवायची, की गती कमी होते. पोरं पडत होती, हसत होती. तरुणही पडला. दर वेळी कमरेतून पायापर्यंत कळ गेली, आणि दर वेळी तो सगळ्यांच्या आधी हसला.

त्या रात्री बाहेर ठेवलेल्या बादलीतलं पाणी गोठलं. सकाळी त्याची कंबरही तशीच झाली होती. बूट घालायला त्याला वाकता येईना. एक मित्र मदतीला आला आणि त्याच्या हाताला पट्टा लागला. त्यानं सगळ्यांना हाक मारली.

क्षणभर शांतता पसरली. मग एक जण म्हणाला, "अरे, 'चंदू चॅम्पियन' सिनेमा पाहिलास ना? त्यातल्या पेटकरांनी मणक्यात गोळी घेऊन सुवर्णपदक आणलं. तुझी तर नुसती गादी सरकलीय. चल, हो उभा!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. तरुण दात आवळून उभा राहिला.

मामा बाजूला चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "थांबा जरा. पेटकर आधी कोणता खेळ खेळायचे?"

"बॉक्सिंग," एक जण म्हणाला.

"आणि पदक कशात मिळालं?"

"पोहण्यात."

"मग मधे काय झालं?"

कुणी बोललं नाही. मामाच सांगू लागले. मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले. फौजेत होते, नावाजलेले बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक मणक्यापाशी राहिली आणि पायांतलं बळ गेलं. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं. ते पाण्याला चिकटून राहिले. 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

"आपल्या टेल्को कंपनीत नोकरी केली त्यांनी," मामा म्हणाले. "गोळी घेऊन जिंकले, हे खरंच आहे. पण ती गोळी घेऊन ते पुन्हा रिंगणात ठोसे खायला गेले नाहीत. त्यांनी खेळ बदलला. तुझी कंबर आज कोणता खेळ खेळू देते, ते तू बघ."

तरुण बराच वेळ उभा होता. मग त्यानं स्की बाजूला ठेवल्या. शिकवणारा गडी जवळ आला आणि म्हणाला, "विचारलं होतं, तेव्हाच सांगायचं होतंस."

तेवढ्यात गटातला सगळ्यात लहान पोरगा पुढं झाला आणि त्यानं विजारीचा पाय वर केला. आदल्या दिवशीच्या पडण्यानं त्याचा गुडघा सुजला होता. दुसऱ्या कुणी थांबण्याचीच तो वाट पाहत होता. त्या दिवशी दोघं मामांसोबत शिखर बघत बसले.

घरी परतल्यावर डॉक्टरांनी तरुणाला आधी चांगलं फैलावर घेतलं. काही आठवड्यांनी त्यांनीच पाण्यातले व्यायाम सुचवले. रात्रपाळी सुटली की तो पिंपरीत महापालिकेच्या तलावावर जाऊ लागला. आधी पाण्यात नुसता चालला, मग हळूहळू पोहायला शिकला. कंबर सावरली. लाइनवर आता तो होइस्टची वाट पाहतो, आणि नव्या पोरांनाही थांबवतो.

जिद्दीच्या गोष्टी आपण बहुतेक वेळा अर्ध्याच सांगतो. माणूस काय जिंकला हे सांगतो, पण त्याआधी त्यानं काय सोडलं हे सांगायचं राहून जातं. ती अर्धी गोष्ट ऐकून दुसरा कुणी दुखरं अंग घेऊन उतारावर उभा राहतो. म्हणून कुणाला हिंमत देताना गोष्ट पूर्ण सांगावी. आणि दुखणं आपलं असेल, तर पहिल्यांदा विचारतील तेव्हाच सांगून टाकावं.