फुलातली भाऊबंदकी

रानातल्या थाइमची झुडपं दोन तऱ्हांची असतात. काहींच्या फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही नांदतात, तर काहींचे पुंकेसर खुरटलेले, परागाचा पत्ता नाही. चार्ल्स डार्विनने दोन्हींचं बी तपासलं तेव्हा परागहीन झुडपांचं बी जास्त भरलं. परागावरचा खर्च वाचून तो बियांकडे वळत असावा, ही शक्यता त्याने १८७७ च्या पुस्तकात मांडली. विचार सावध होता, पण त्यात एक गृहीत दडलेलं होतं: झाड म्हणजे एक घर आणि घराचं हित एकच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल कोरेन्सने या गृहीताला पहिली चीर पाडली. परागहीन झाडाच्या बियांतून बहुतेक परागहीनच रोपं येत, पराग कुणाचाही असो. मेंडेलचं काम नव्याने उजेडात आणणाऱ्यांपैकी एक असलेल्या या माणसाला मेंडेलच्या गणितात न बसणारा वारसा सापडला, हे गमतीचंच. वारसा आईकडून, केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रव्यातून येत होता. त्यातल्या तंतुकणिकांवर (मायटोकाँड्रियांवर) बोट ठेवायला मात्र पुढे काही दशकं गेली.

१९४१ मध्ये डॅन लुईसने साधा हिशेब मांडला. परागहीनता केंद्रकातल्या जनुकामुळे असेल, तर रानात टिकायला अशा झाडाला दुप्पट बी धरावं लागेल. ती आईकडून येत असेल, तर थोडं जास्त बीही पुरेल. बहुतेक वनस्पतींत तंतुकणिका परागातून पुढच्या पिढीत जातच नाहीत, म्हणजे त्यांच्या लेखी पराग हा निव्वळ वायफळ खर्च. केंद्रकातली जनुकं मात्र पराग आणि बीज दोन्ही वाटांनी जातात. १९८१ मध्ये लीडा कॉस्मिडीज आणि जॉन टूबी यांनी या वितुष्टाचा व्यापक सिद्धांत केला. पुढे दोघं उत्क्रांती मानसशास्त्रासाठी गाजले. 

झगडा चालतो कसा, हे एका रानटी भाताने दाखवलं. १९७० मध्ये चीनच्या हैनान बेटावर भातशास्त्रज्ञ युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना परागकण खुरटलेलं एक रानटी रोप सापडलं. चीनचा संकरित भात त्याच्यावर उभा राहिला, पण कारणीभूत जनुक २०१३ मध्ये हाती लागलं. डब्ल्यूए३५२ नावाचं हे जनुक तंतुकणिकेच्याच डीएनएचे तुकडे इकडचे तिकडे जोडून बनलेलं आहे. वनस्पतींच्या तंतुकणिकांची ही खोडच: एकेक अक्षर सहसा फार सावकाश बदलतं, पण तुकड्यांची जुळवाजुळव सतत चालू. नुसतं जनुक असणं मात्र पुरत नाही. त्याचा आरएनए झाडाच्या इतर भागांतही बनतो. प्रथिन मात्र साचतं ते मुख्यतः परागकोशातल्या, परागांना पोसणाऱ्या थरात. तिथे ते केंद्रकाने पाठवलेल्या कॉक्स११ या प्रथिनाला धरतं, थर वेळेआधी मरतो आणि पराग उपाशी राहतात.

केंद्रकही गप्प बसत नाही. आरएफ४ हे जनुक डब्ल्यूए३५२ च्या आरएनएचं प्रमाणच घटवतं. आरएफ३ आरएनएला हात लावत नाही, प्रथिन साचू देत नाही. एकाच दुखण्यावर दोन टप्प्यांवरचे दोन उपाय! रानातलं एखादं धडधाकट फूल पाहून त्यात हा झगडा नाही असं समजणं म्हणूनच धाडसाचं. कदाचित तो फक्त दाबलेला असेल.

परागहीन झाड स्वतःच्या परागाने फळत नाही, म्हणून संकरासाठी ते आयती आई ठरतं; शेतीने या भांडणाचा पुरेपूर फायदा घेतला. महाराष्ट्राच्या शेतात १९६० च्या दशकात आलेली हायब्रीड ज्वारी अशाच परागहीन आईपोटी जन्मलेली. तुरीसाठी इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिच्या रानटी भावंडाचं, कजानस कजानिफोलियसचं, पेशीद्रव्य घेतलं. पण एकाच आईवर विसंबण्याची किंमतही मोजावी लागते. १९७० मध्ये अमेरिकेतला बहुतांश मका एकाच तऱ्हेच्या पेशीद्रव्याचा होता आणि त्या पेशीद्रव्यालाच जास्त बाधणाऱ्या करप्याने पिकाचा सुमारे १५ टक्के घास घेतला.

वेगळं पेशीद्रव्य हवं असेल, तर संकराची दिशाही महत्त्वाची: रानटी वाण बाप म्हणून वापरला, तर त्याच्या तंतुकणिका बहुधा त्याच पिढीत संपतात. बियाणं जपणाऱ्यांनी वाणाच्या नावाशेजारी आई कोण होती, हेही नोंदवायलाच हवं.