पाहुण्याचे ताट आणि शुक्रवार



उपवासकाळातल्या शुक्रवारी परक्या देशात कोणी प्रेमाने मटण वाढले, तर खावे की नाकारावे? प्रश्न किरकोळ वाटेल. मलाही वाटला असता, पण ताट समोर आले तेव्हा घास उचलेना.

फेब्रुवारी २०१६ ची गोष्ट. पवित्र भूमीच्या यात्रेत आम्ही बेथलेहेमजवळच्या बेत साहूर गावी होतो. मेंढपाळांना देवदूताने वार्ता दिली ती जागा याच गावात दाखवतात. ऑलिव्हच्या लाकडावर कोरीव काम करणाऱ्या एका ख्रिस्ती कुटुंबाने आम्हा सहा जणांना दुपारी घरी जेवायला बोलावले होते. घरच्या आजींनी मकलूबा केला होता. पातेल्यात मटण, तळलेली वांगी, फ्लॉवर आणि तांदूळ यांचे थर लावून शिजवतात आणि वाढताना पातेले मोठ्या परातीत पालथे घालतात. मकलूबा म्हणजेच ‘उलटे केलेले’. आजींनी पातेले उचलले, भात न ढासळता उभा राहिला. सणाला चुलीपासून उठलेल्या आपल्या आईच्या चेहऱ्यावर दिसते, तेच समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होते.

आणि वार शुक्रवार!

ते कुटुंब ग्रीक ऑर्थोडॉक्स. त्यांचा ईस्टर जुन्या ज्युलियन पंचांगावरून ठरतो. त्या वर्षी आपला ईस्टर २७ मार्चला होता, त्यांचा १ मे रोजी. आपला उपवासकाळ सुरू होऊन दोन आठवडे झाले होते, त्यांचा सुरूही झाला नव्हता. आजींना कसे ठाऊक असणार? आदल्या दिवशी निरोप धाडायचे आम्हालाच सुचले नाही.

मी खाल्ले. मनाशी म्हटले, बहात्तर शिष्यांना पाठवताना प्रभूने समोर येईल ते खायला सांगितले होते. संत पौलानेही करिंथकरांना तसेच कळवले. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत तर पाहुण्यासाठी मठाधिपतीने आपला उपवास सोडावा असे आहे; फक्त मोठा उपवास असेल तर सोडू नये. शिवाय शुक्रवारचा मांसत्याग हा चर्चचा नियम, दहा आज्ञांपैकी नव्हे. सगळे मुद्दे पाठ होते. खरे सांगायचे तर भूकही सपाटून लागली होती, आणि वास फार चांगला येत होता.

आमच्यातल्या एका मावशींनी मात्र हात जोडले. “मला भाकर नि दही पुरे.” मला त्यांचा राग आला. यजमानांचा अपमान होतो हेही कळू नये? मी त्यांच्याकडे तशा नजरेने पाहिले आणि मुद्दाम दुसऱ्यांदा वाढून घेतले.

आजींनी मुलाला काहीतरी विचारले. त्याने आमचा शुक्रवार समजावला. आजी उठल्या, आत गेल्या, मावशींसाठी अंडी तळून घेऊन आल्या आणि हसत काही बोलल्या. मुलाने इंग्रजीत सांगितले, “आई म्हणते, आमच्या उपवासात अंडी नि दहीसुद्धा चालत नाही, तुमचा सोपा आहे.” मग त्या मावशींच्याच शेजारी बसल्या.

रात्री खोलीवर पौलाचे ते पत्र पुन्हा उघडले. समोर येईल ते खा, हे त्यात आहेच. पण त्याला खरी काळजी आहे ती शेजारी बसलेल्या भावाच्या विवेकाची. आपल्या खाण्याने त्याला ठेच लागत असेल, तर आपण मोकळे असूनही हात आवरावा, असे तो म्हणतो. मी यजमानांचा मान राखला आणि सहप्रवाशाचा घालवला. खाणे चुकले असे मला आजही वाटत नाही. ती नजर चुकली, आणि तो दुसरा वाढपही.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी मावशींची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “अरे, मलाही खावेसेच वाटत होते.”

ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले आणि त्या भागातले यात्रेकरू एकाएकी आटले. तेव्हापासून त्या घराची आठवण वारंवार येते. मावशी आता ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी घरी मकलूबा करतात. मागच्या खेपेस मलाही बोलावले होते. वार सोमवार, उपवासकाळ संपलेला. तरी पातेले पालथे घालण्याआधी त्यांनी विचारले, “चालते ना रे आज तुला?”