चांदीतला श्वान, दारातला श्वान

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमेला आपण पाळणा म्हणतो, आरती करतो, प्रभूंच्या चरणांवर डोकं ठेवतो. त्या चरणांपाशीच चार श्वान बसलेले असतात. परंपरेने त्यांना चार वेद मानलं. वेदांना रूप द्यायचं तर ते सिंहाचं, हत्तीचं देता आलं असतं. पण दिलं ते उंबऱ्याबाहेर थांबणाऱ्या जीवाचं! ह्यातच सगळा उपदेश आला.

परवा एका भाविकाने मला विचारलं, "बुवा, मुधोळ कुत्र्याची छबी असलेलं चांदीचं नाणं सराफाकडून घडवून घेतलंय. देवघरात ठेवू का?"

चांदीवर श्वान उमटणं आपल्याकडे नवं नाही. खंडेरायाच्या टाकात घोड्यासोबत कुत्रा असतोच. पण टाक पूजेचा, नाणं संग्रहाचं. संग्रहाला मी नावं ठेवत नाही. २००५ साली आपल्या टपाल खात्यानेही मुधोळ, राजपालयम, रामपूर हाउंड आणि हिमालयी मेंढपाळ कुत्रा यांची तिकिटं काढली होती. आपल्या मातीतल्या जीवाचं कौतुक व्हायलाच हवं.

मी त्यांना एवढंच विचारलं, "खरा मुधोळ पाळाल का?" ते म्हणाले, "पाळला होता. फ्लॅटमध्ये जमेना, देऊन टाकला." अहो, तो शिकारी जातीचा, माळरानावर वाऱ्यासारखा पळणारा. त्याला गॅलरीत साखळीने बांधलं तर जमणार कसं? जात ओळखली, जीव ओळखायचा राहिला.

दत्तप्रभूंच्या तसबिरीतल्या श्वानांची जात कुणी विचारतं का? गाणगापुरात दुपारी मधुकरी मागतात. महाराज कोणत्या रूपाने समोर येतील सांगता येत नाही, असा तिथला भाव. म्हणून भाकरीकडे पाहणाऱ्या कुत्र्यालाही तिथे कुणी सहज हाकलत नाही. आपल्या गल्लीत मात्र दगड आधी उचलला जातो.

तेव्हा नाणं खुशाल जपा, डबीत ठेवा. पण चांदीला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही. ज्याला वाजते तो जिन्याखाली कुडकुडतोय. ह्या जयंतीला एक नेम धरा: नैवेद्यानंतर एक भाकरी बाहेर, शेजारी पाण्याचं भांडं. जमल्यास चौघांनी मिळून गल्लीतल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घ्या. मुलांच्या हातातला दगड गोडीने काढून घ्या.

एवढं केलंत तरी प्रभूंच्या चरणांपर्यंत तुमची सेवा पोचली, असं मी मानतो.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!