चालीची नोंद

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात काय नाही? राज्यकारभार आहे, स्वयंपाक आहे, हत्ती-घोड्यांची निगा आहे. त्याच ओघात एक बारकीशी नोंद येते, की महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यातही ओवीला आणि धवळ्याला गेय प्रबंधांत जागा मिळाली. मराठी बाईच्या गाण्याची दखल शास्त्राने इतक्या आधी घेतली, याचा अभिमान आपण बाळगतोच. मला मात्र त्या नोंदीतली उणीव आधी दिसते. शार्ङ्गदेवाजवळ स्वर लिहून ठेवण्याची रीत होती. जाती आणि राग यांच्यासाठी त्याने ती वापरलीही. कांडणारणीच्या चालीसाठी ती वापरावी असे कोणालाच वाटले नाही. त्यामुळे ओवी गात असत एवढे आपल्याला ठाऊक आहे. कशी गात असत, ते नाही.

यवतमाळच्या माणसाला हे दुखणे जवळचे वाटायला हवे. या गावात डॉ. य. खु. देशपांडे नावाचे वकील राहत. शारदाश्रम ही संशोधनसंस्था त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. महानुभाव पंथाच्या पोथ्या मठांत बंदिस्त होत्या, त्यातल्या कित्येक सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपीत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीची किल्ली सापडली आणि मराठी वाङ्मयाचा इतिहासच नव्याने लिहावा लागला. देशपांड्यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ चे. त्यानंतर दहा वर्षांनी त्यांनी महदंबेला 'आद्य मराठी कवयित्री' म्हणून पुस्तकातून लोकांपुढे आणले. मुंबई-पुण्यापासून इतक्या लांब, जिल्ह्याच्या गावात, वकिली सांभाळून केलेले हे काम आहे. आजच्या विद्यापीठीय अनुदानांच्या काळात ते आठवले की जरा ओशाळल्यासारखे होते.

महदंबेचे धवळे हे लग्नातले गाणे. रिद्धपूरला महानुभावांचे गुरू गोविंदप्रभू यांना लग्न करण्याची लहर आली, भक्तांनी लग्नाचा थाट मांडला आणि महदंबेने रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहाचे धवळे म्हटले, अशी ती कथा. म्हणजे हे काव्य लिहिले गेले नाही, गायले गेले. तेही आयत्या वेळी, माणसांच्या गर्दीत. पोथीने त्याचे शब्द सातशे वर्षे सांभाळले. लेखनिक बदलले, लिपी बदलली, शब्द राहिले. चाल पोथीत शिरूच शकत नव्हती. आज आपण धवळे अभ्यासक्रमात शिकवतो, त्यातल्या रुक्मिणीवर प्रश्न काढतो आणि विद्यार्थी ते गद्यासारखे वाचून दाखवतात. गाण्याच्या वाट्याला यापेक्षा विचित्र मान क्वचितच आला असेल.

सातशे वर्षांपूर्वीच्या माणसांजवळ यंत्र नव्हते, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. आपल्याजवळ ते शंभर वर्षांपासून आहे. तरी यवतमाळ जिल्ह्याच्या गाण्यांचे आपण काय केले? पुसद, दिग्रस, दारव्ह्याकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यांवर होळीत लेंगी होते, नगारा वाजतो. गोरमाटी लग्नात नवरीला निरोप देताना ढावलो म्हणतात. त्याचा महदंबेच्या धवळ्याशी काही संबंध असेल का? नावे जवळची आहेत, पण नावांवरून नाते लावू नये. नाते चालीवरून लावायचे असते, आणि एका बाजूची चाल कायमची गेलेली आहे. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजीकडे कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. त्यांची कोलामी भाषा द्राविड कुळातली आणि आता धोक्यात आलेली. त्यांची दंडार आहे, ढोल आहे. गोंडांचे भाट असलेले परधान आहेत. किंगरीच्या तारांवर ते गोंडांच्या देवांची आणि कुळांची कथा सांगतात. गावोगाव भुलाबाईची गाणी आहेत, पोळ्याच्या झडत्या आहेत, खंजिरीवरची भजने आहेत. तुकडोजी महाराजांनी विदर्भाच्या हातात खंजिरी दिली ती अजून खाली ठेवलेली नाही.

यावर अभ्यास झाला नाही असे कोणी म्हणू नये. नागपूर विद्यापीठ १९२३ चे, अमरावतीचे १९८३ चे; लोकगीतांवरच्या प्रबंधांना विदर्भात तोटा नाही. या प्रबंधांची एक ठरलेली घडण असते. आधी लोकसाहित्याच्या व्याख्या, पाश्चात्त्यांच्या चार आणि आपल्या चार. मग जिल्ह्याची भौगोलिक पार्श्वभूमी, पर्जन्यमानासकट. मग गीतांचे वर्गीकरण, आणि शेवटी परिशिष्टात दोन-अडीचशे गाण्यांचे शब्द. ते शब्द एखाद्या म्हातारीने टेपरेकॉर्डरपुढे गायलेले असतात. ती कॅसेट कुठे असते? प्रबंध बांधून झाला की तिचे काम संपते. ती संशोधकाच्या माळ्यावर जाते, नाही तर तिच्यावर कोणी सिनेमाची गाणी भरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक झाले आणि शोधगंगा या संकेतस्थळावर हजारो प्रबंध घरबसल्या वाचता येऊ लागले. शब्दांची सोय आणखी पक्की झाली, आवाजाची नाही. पोथीने जे नाइलाजाने केले, ते आपण सवयीने करतो आहोत.

जिथे काळजीने जपणूक झाली, तिथे ती बहुधा लांब झाली. ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात निजामी राज्यात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये काम केले. यवतमाळहून पैनगंगा ओलांडली की तोच मुलूख. १९४८ च्या त्यांच्या ग्रंथात गोंडांबरोबर परधानही आहेत, घरात मराठी बोलणारे आणि यजमानांपुढे गोंडी कथा गाणारे. त्यांची छायाचित्रे, चित्रफिती आणि कागदपत्रे लंडनच्या सोआस या विद्यापीठीय संस्थेत आहेत. मरे एमेनो यांनी १९३० च्या दशकात वर्ध्याच्या बाजूच्या कोलामांकडून कोलामी भाषा टिपली. तो ग्रंथ १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापला. या दोघांवर राग धरण्यात अर्थ नाही. ते आले नसते तर आपण हे काम केलेच असते, असे छातीठोकपणे म्हणण्याजोगा आपला इतिहास नाही. पण झरीच्या पोडावरच्या मुलाला आपल्या पणज्याच्या काळाचा पुरावा पाहायला लंडन गाठावे लागावे, ही व्यवस्था न्याय्य नाही हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रात याला एक भक्कम अपवाद आहे. पुण्यात गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि हा साठा एक लाखाच्या पुढे गेला. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांच्या साथीने त्यातल्या हजारो ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या. या कामात शब्दाबरोबर आवाज आहे, आणि आवाजाबरोबर त्या बाईचे नाव आणि गावही आहे. आज ते संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येते. मात्र यातला मोठा वाटा मुळशी-मावळासारख्या पश्चिम महाराष्ट्राच्या मुलखाचा आहे. वऱ्हाडातले जाते कसे फिरत होते ते ऐकायचे तर आपल्यालाच हिंडावे लागेल; आणि जाते आता फिरत नाही, गाणारी तेवढी उरली आहे, तीही साठी-सत्तरीच्या पुढची.

गाणे जपणे म्हणजे काय, यावर मला सर्वांत पटलेले उत्तर एका प्रवासातून मिळाले, तेही दुसऱ्यांच्या. डच अभ्यासक आर्नोल्ड बाके यांनी १९३८-३९ मध्ये दक्षिण भारतात फिरून गाणी ध्वनिमुद्रित केली. १९८४ मध्ये नझीर जयराजभॉय आणि एमी कॅटलिन हे दांपत्य त्या मुद्रणांच्या प्रती घेऊन त्याच गावांत गेले. लोकांना जुने आवाज ऐकवले, कोणते गाणे टिकले, कोणते बदलले, कोणते गेले ते टिपले. जयराजभॉय यांच्याच पुढाकाराने १९८२ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे लोकसंगीत-अभ्यासाचे संग्रहालय सुरू झाले होते; आता ते गुरुग्रामला आहे. परदेशी अभ्यासकांनी इथे मुद्रित केलेले संगीत इथे परत यावे, हा त्यामागचा एक उद्देश. संग्रह गावात परत गेला, तेव्हा तो संग्रह झाला असे मी म्हणेन. तोवर ती नुसती साठवण असते.

पण परत देणे म्हणजे सगळे उघड्यावर टाकणे नव्हे, आणि इथे विद्यापीठांची खरी परीक्षा आहे. परधानाची कथा ही कोणत्याही संध्याकाळी कोणालाही ऐकवायची करमणूक नाही. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा गोंडांच्या कुळांना आपापली कथा आहे. ती पूजेच्या वेळी, त्या यजमानापुढे, त्या परधानाने म्हणायची असते. लेंगी होळीची, भुलाबाई शरदातली. ध्वनिमुद्रणयंत्राला यातले काही कळत नाही. ते वैशाखातही लेंगी ऐकवते. त्यामुळे कोणते गाणे सर्वांना खुले, कोणते फक्त त्या समाजाला, हे ठरवण्याचा अधिकार गाणाऱ्याचा असला पाहिजे. विद्यापीठाने फक्त राखणदार व्हावे. आपल्याकडे ग्रंथालयाच्या किल्ल्या मालकासारख्या कमरेला लावण्याची जुनी खोड आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. लोकगीत बदलत राहते म्हणूनच जगते. एकदा मुद्रित केले की तीच प्रत खरी ठरते आणि बाकीच्या चुकीच्या. हे होते. 'गीतरामायण' १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आले तेव्हा त्यात अनेक गायक-गायिकांचे आवाज होते. आज घरोघर जे ऐकू येते ते एकट्या सुधीर फडक्यांचे. (त्याचे कवी माडगूळकर १९७३ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, आणि २०१९ मध्ये याच गावी अध्यक्षपदी आलेल्या अरुणा ढेरे लोकसंस्कृतीच्या अभ्यासक. गाण्याशी यवतमाळचा संबंध असा अधूनमधून जुळतो.) पण एक प्रत बाकीच्यांना गिळते याचा उपाय मुद्रण टाळणे हा नव्हे, अनेक प्रती मुद्रित करणे हा आहे. एकच ढावलो पाच तांड्यांवर पाच बायकांकडून घ्यावा. मग फरक दिसतो, आणि चालीचा अभ्यास खरा त्या फरकाचाच असतो.

बाकी अडचणी सांगण्यासारख्या आहेत, रडण्यासारख्या नाहीत. चुंबकीय फितीला ऊन, धूळ आणि दमट हवा सोसत नाही, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. फीत टिकली तरी ती वाजवणारे यंत्र टिकत नाही. नोंदीशिवायचा आवाज तर निम्मा मेलेलाच: कोण गाते, कुठल्या पोडावर, कुठल्या प्रसंगी, सोबत कोणते वाद्य, हे नसेल तर पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला तो फक्त एक गोड कोलाहल वाटेल.

अमरावतीचे विद्यापीठ ज्यांच्या नावाने आहे, त्या गाडगेबाबांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. त्यांचे सारे सांगणे कीर्तनात होते, आणि कीर्तन म्हणजे आवाज, हुंकार, समोरच्यांना विचारलेले प्रश्न आणि त्यांनी दिलेली उत्तरे. ते १९५६ च्या डिसेंबरात गेले. त्याआधी काही आठवडे वांद्र्याला झालेले त्यांचे कीर्तन कोणीतरी ध्वनिमुद्रित केले, म्हणून बाबा बोलत कसे हे आज कळते. छापील कीर्तन वाचून ते कळले नसते. दोन्ही समोर ठेवून कोणीही खात्री करून घ्यावी.

आता रिद्धपूरला, महदंबेने धवळे म्हटले त्याच गावी, मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. त्याने आणि अमरावतीच्या विद्यापीठाने मिळून एक साधा नियम करावा: लोकगीतांवरचा कोणताही प्रबंध मूळ ध्वनिमुद्रण, गाणारीचे नाव आणि तिची संमती यांच्याशिवाय स्वीकारू नये, आणि त्या मुद्रणाची एक प्रत गाणारीच्या गावात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत, ठेवावी. याला वेगळी इमारत लागत नाही, उद्घाटनाला मंत्री लागत नाही. आणि ज्यांच्या घरी, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, अशी एखादी कॅसेट पडून आहे, त्यांनी हा लेख संपल्यावर ती खाली काढावी, तिच्यावर गाणारीचे नाव आणि गाव लिहावे, आणि तिची नक्कल करून घ्यावी.