जामिनाच्या अटी कोण तपासतो?

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून खून करण्यात आला. पुढे या प्रकरणात मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला. कोण दोषी हे न्यायालय ठरवील. पण मोक्का लावायचा तर आधीच्या दहा वर्षांत त्या टोळीविरुद्ध एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखल झालेली असावी लागतात, न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते. म्हणजे मोक्का लावताना पोलीस स्वतःच्याच कागदांवरून सांगत असतात की ही माणसे आम्हाला आधीपासून ठाऊक होती. मग तेव्हा काय केले, हे विचारलेच पाहिजे.

शासनाचे उत्तर ठरलेले असते. शस्त्रपरवाने रद्द करा, तडीपार करा, एमपीडीए लावा. तडीपारी फार तर दोन वर्षांची. बीडमधून काढलेला माणूस परळीहून लातूरला किंवा आष्टीहून अहिल्यानगरला जातो. त्याचा फोन आणि त्याची माणसे गावातच राहतात. एमपीडीएखाली खटल्याविना बारा महिने डांबता येते. मला ही तरतूद अस्वस्थ करते, आणि काढायला झालेल्या उशिरापायी तिच्याखालचे आदेश उच्च न्यायालयात अनेकदा टिकतही नाहीत.

साधा रस्ता कायद्यात आहे. जामिनावरच्या आरोपीने पुन्हा गुन्हा केला, साक्षीदाराला धमकावले, तर जामीन रद्द करून घेता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३ ने सत्र न्यायालयाला तो अधिकार दिला आहे. त्यासाठी ठाणेदाराने अहवाल लिहायचा, सरकारी वकिलाने अर्ज करायचा, न्यायाधीशांसमोर दोन्ही बाजू मांडल्या जायच्या. या कामाचा फोटो छापून येत नाही.

मोक्क्यातच कलम २१(५) होते: गुन्ह्याच्या वेळी आरोपी या किंवा अन्य कोणत्याही कायद्याखाली जामिनावर असेल तर त्याला पुन्हा जामीन नाही. त्यातला ‘अन्य कोणत्याही कायद्याखाली’ हा भाग मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. ते योग्यच झाले. किरकोळ भांडणात जामिनावर असलेल्याला सरसकट दार बंद करणे अन्यायाचे होते. माणूस पाहून निर्णय घ्यायचा, तर त्याची माहिती न्यायालयापुढे वेळेवर आली पाहिजे.

आज न्यायालयापुढे येतो तो जामीनदाराचा सातबारा. १९७८ च्या मोतीराम खटल्यात एका गरीब गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला आणि भाऊ परजिल्ह्यातला म्हणून त्याची हमी नाकारली गेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत टीका केली. बीडच्या ऊसतोड मजुराची गत आजही वेगळी नाही. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन तो कोल्हापूर-सांगलीकडे जातो, ठाण्यातली आठवड्याची हजेरी चुकते आणि वॉरंट निघते. गावगुंड मात्र दर सोमवारी न चुकता सही करतो आणि परतताना फिर्यादीच्या दारासमोर गाडी उभी करतो. हजेरी तपासायला सोपी, म्हणून तीच तपासली जाते. धमकीची तक्रार भेदरलेल्या माणसानेच यायची, असे आपण गृहीत धरले आहे.

ही जबाबदारी फिर्यादीवरून काढून ठाण्यावर टाकावी लागेल. नवा गुन्हा नोंदवताना आरोपी आधीच जामिनावर आहे का, हे त्याच दिवशी पाहावे. असेल आणि गुन्हा गंभीर असेल तर आठवड्यात अर्ज करावा, नाही केला तर कारण लेखी द्यावे. साक्षीदार संरक्षण योजनेला २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली आहे. तिच्याखाली किती जणांना संरक्षण मिळाले आणि जामीन रद्द करण्याचे किती अर्ज झाले, हे आकडे पोलीस अधीक्षकांनी दर महिन्याला ठाणेवार जाहीर करावेत. सुरुवात केजपासून करावी.